शिशाच्या चुऱ्यावरचे गवत

वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथच्या मागच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात शिशाच्या खाणी जोरात होत्या. पुढे धंदा बसला, माणसे निघून गेली. खनिज धुऊन उरलेला चुरा मात्र उघड्यावर पडून राहिला. पावसाबरोबर तो ओढ्यात उतरे, वाऱ्याबरोबर शेजारच्या कुरणांवर पसरे. १९२० च्या दशकात कॅथलीन कार्पेंटर यांनी तिथल्या नद्या तपासल्या. शिशामुळे मासे आणि इतर कितीतरी जलचर नाहीसे झाल्याचे त्यांना आढळले. खाण बंद पडली तरी तिचा त्रास चालूच होता.

ढिगारे झाकायला गवत लावावे, तर साधे बी रुजते, पण मुळे लांबत नाहीत आणि रोप मरते. तरीही काही ढिगाऱ्यांवर गवताचे तुरळक पुंजके दिसत. ते कसे जगले?

गोगिनन येथील जुन्या खाणीवरचे असे गवत अँथनी ब्रॅडशॉ यांनी अभ्यासले आणि १९५२ साली 'नेचर'मध्ये त्यावर लिहिले. गवत होते अ‍ॅग्रोस्टिस टेन्युइस, म्हणजे शेजारच्या कुरणातलेच. पण दोन्हीकडची रोपे खाणीच्या मातीत लावली तेव्हा खाणीवरची वाढली, कुरणातली मेली. तांब्याबाबत असाच आनुवंशिक फरक प्राट यांनी १९३४ मध्येच दाखवला होता. त्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते.

पुढचे प्रयोग आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटतात. कुरणातल्या गवताचे भरपूर बी विषारी मातीत पेरले, तर जवळजवळ सगळी रोपे मरतात, पण हजारात एखाददुसरे तग धरते. म्हणजे सहनशक्ती खाणीने निर्माण केलेली नाही. ती कुरणात विरळ होतीच, खाणीने फक्त निवड केली. नैसर्गिक निवड शिकवताना आपण नेहमी काळ्या पतंगाकडेच का वळतो, कोण जाणे! ट्रेलोगन येथील खाणीवरचे एक गवत तर कुरणातल्या आपल्या भावंडांपेक्षा सुमारे आठवडाभर आधी फुलते. त्यामुळे वाऱ्याने येणाऱ्या परक्या परागांशी संकर कमी होतो.

ब्रॅडशॉ पुढे लिव्हरपूल विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी व सहकाऱ्यांनी या गवतांपासून पेरणीयोग्य वाण तयार केले: शिसे-जस्ताच्या आम्लयुक्त चुऱ्यासाठी 'गोगिनन', चुनखडीयुक्त चुऱ्यासाठी 'मर्लिन' आणि तांब्यासाठी 'पॅरिस'. (हे फ्रान्सचे शहर नव्हे, अँग्लसी बेटावरचा तांब्याचा डोंगर!)

बी मिळाले, तरी काम अर्धेच झाले होते. चुऱ्यात नत्र व स्फुरद जवळजवळ नसतात, त्यामुळे खत घालावेच लागते; ते नसेल तर सहनशील गवतही खुरटते. मुळे चुरा धरून ठेवतात, धूळ उडणे कमी होते. शिसे मात्र जागच्या जागी राहते, त्यातले थोडे पानांतही चढते. म्हणून अशा हिरव्या उतारावर गुरे सोडायची नसतात. दुरून मात्र तो शेजारच्या कुरणासारखाच दिसतो, आणि कुंपण घालावे लागते ते याच कारणाने.