उष्णता-निरोधन (रत्नागिरी जिल्हा)

उष्णता एका जागेतून दुसऱ्या जागेत जाण्याचा वेग कमी करणाऱ्या नैसर्गिक वा मानवी योजनेस उष्णता-निरोधन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मंडणगड-दापोलीपासून राजापूरपर्यंतच्या किनारी व डोंगरी भागाचा विचार केला आहे. थंड प्रदेशात निरोधन ऊब राखण्यासाठी असते. रत्नागिरीत ते फाल्गुनापासून मृगापर्यंतचे ऊन बाहेर ठेवण्यासाठी लागते, आणि पुढचे चार महिने त्याच निरोधकाला पावसापासून वाचवावे लागते. येथील जवळजवळ प्रत्येक जुन्या योजनेत आधी पावसाचा बंदोबस्त आणि मग उन्हाचा, असा क्रम दिसतो.

तत्त्व : उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी जाते. कोंडून स्थिर झालेली हवा हा उत्तम निरोधक आहे. तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॉट प्रति मीटर केल्विन असते. भाताचा पेंढा, काथ्या, पिसे, लोकर, थर्माकोल यांचे काम मुळात हवा जागच्या जागी धरून ठेवण्याचे आहे. पाण्याची वाहकता सुमारे ०.६, म्हणजे हवेच्या वीस पटींहून अधिक. त्यामुळे हवेची पोकळी पाण्याने भरली की निरोधक निकामी होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या जिल्ह्यात ही बाब दुय्यम मानता येत नाही.

दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक समुद्रामुळे कमी राहतो व हवा दमट असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या पाच हवामान विभागांपैकी हा किनारा उष्ण-दमट विभागात मोडतो. खरा चटका मे महिन्यापेक्षा कधीकधी फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतो. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो आणि पारा चाळिशीच्या जवळ जातो.

निसर्गातील निरोधन : जिल्ह्याच्या पश्चिम भागातील सडे म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारे. उन्हाळ्यात हा कातळ अनवाणी पाय ठेवू देत नाही. तेथील पुष्कळ वनस्पती कोरडे महिने जमिनीखाली कंदरूपाने काढतात व पावसाबरोबर वर येतात. सुट्या दगडाखाली तापमान बरेच कमी राहते. जिल्ह्यात पूर्वीपासून कुप्रसिद्ध असलेले फुरसे दिवसा तेथेच असते. सड्यावर दगड उचलताना आधी काठीने उलटण्याची जुनी सवय यातूनच आली आहे.

सर्वांत चांगली माहिती उपलब्ध आहे ती ऑलिव्ह रिडले कासवाच्या घरट्यांची. वेळास, आंजर्ले, गुहागर इत्यादी किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून मादी रात्री वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व वाळू लोटून निघून जाते. ती अंड्यांवर बसत नाही. उबवण्याचे काम वाळू करते. भर दुपारी पृष्ठभागाची वाळू पाय पोळेल इतकी तापते, पहाटे गार होते, पण दिवस-रात्रीचा हा चढउतार खाली जाताना झपाट्याने विरतो आणि दीड फुटांवर त्याचा अगदी अल्प अंश पोहोचतो. अंड्यांना मिळते ती अनेक दिवसांची सरासरी ऊब. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. पिल्लू नर की मादी हेही याच उबेवर ठरते. सुमारे २९-३० अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते. हंगामाच्या शेवटी घातलेल्या अंड्यांवर वाढत्या उन्हाचा काय परिणाम होतो, याविषयी अभ्यासकांची मते सारखी नाहीत.

वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना बरोबर घेऊन या घरट्यांचे संवर्धन सुरू केले. भरतीच्या रेषेजवळची किंवा कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतील अशी अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत त्याच खोलीवर, त्याच आकाराच्या खड्ड्यात पुन्हा ठेवतात. खोली चुकली तर तापमान चुकते, म्हणून खड्डा हाताने मोजून करतात. मुदत जवळ आली की जागेवर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्ले पृष्ठभागाजवळ येऊन थांबतात व वरची वाळू निवाल्यावरच बाहेर येतात.

सस्तन प्राणी व पक्षी : किनाऱ्यालगत दिसणाऱ्या डॉल्फिनांत कातडीखालची चरबी आणि पक्ष्यांत पिसांखालची हवा निरोधक असते.

आंबा व पेंढा : हापूसच्या व्यवहारात निरोधनाचा उपयोग झाडाखाली, आढीत व पेटीत अशा तीन ठिकाणी होतो. 

कच्चे फळ देठासह झेल्याने उतरवून खोलीत पेंढ्यावर मांडतात. पेंढ्याचा थर, त्यावर देठ न दाबता लावलेली फळे, पुन्हा पेंढा, अशी आढी लागते. पिकताना आंब्याचा श्वसनाचा वेग एकदम वाढतो व त्यातून उष्णता निर्माण होते. पेंढा ती थोडीफार धरून ठेवतो आणि हवा अगदी कोंडूही देत नाही. खोलीतल्या दिवसाच्या उष्म्याचा व पहाटेच्या गारव्याचा झटका फळांना बसत नाही, त्यामुळे आढी एकसारखी रंगते. थर फार उंच झाले तर मधली फळे तापून खराब होतात, म्हणून मधूनमधून आढी चाळावी लागते : वरची फळे खाली, मधली बाहेर, डागी फळ बाजूला. जाणता माणूस पेंढ्यात हात घालून उबेवरून आणि वासावरून आढी कुठवर आली ते सांगतो. पेंढा कोरडा असणे ही पहिली अट. दमट पेंढ्याने बुरशी धरते व देठाकडून काळे पडलेले फळ बाजारात चालत नाही. लाकडी पेटीतही तळाशी, कडेला व थरांमध्ये पेंढाच असे. त्याने धक्का आणि ऊन दोन्ही सोसले. आता पुठ्ठ्याचे खोके आले आहे. शीतगृहात हापूस साधारण १३ अंशांच्या खाली नेत नाहीत. त्याहून गारव्याने फळाला इजा होते व ते नीट पिकत नाही.

झाडाखालच्या निरोधनाचा प्रश्न साक्याशी जोडलेला आहे. वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो, तो साका. एका मताप्रमाणे उन्हात तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता फळाला लागते व त्या भागातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होत नाही. या मतानुसार झाडाखाली वाळलेल्या पानांचे किंवा पेंढ्याचे आच्छादन करावे, फळ थोडे आधी, सुमारे ८५ टक्के तयार असताना काढावे आणि काढलेले फळ उन्हात जमिनीवर राहू देऊ नये. दुसऱ्या मतानुसार मूळ कारण कोयीत आहे : झाडावर असतानाच बी रुजण्याची तयारी सुरू होते व गर तिला अन्न पुरवू लागतो. दोन्ही मतांना प्रयोगांचा आधार आहे. आच्छादनाचा खर्च थोडा व ओल टिकवण्याचा लाभ निश्चित असल्याने बागायतदाराने निर्णयाची वाट न पाहता ते करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाचोळा जाळून कलमांखालची जमीन ‘साफ’ करण्याची चाल याच्या नेमकी उलट जाते. साका न होणारी ‘रत्ना’ ही नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेली जात कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) १९८१ मध्ये प्रसृत केली. बाजाराने मात्र हापूसच धरून ठेवला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

इमारतींतील निरोधन : जुन्या घराचे साहित्य चिरा (जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा), माती, लाकूड, गवत व कौल. जांभा खाणीतून ओला असताना नरम असतो व हवा लागल्यावर कठीण होतो, हा त्याचा गुण बुकॅनन या सर्वेक्षकाने १८०७ मध्ये मलबारच्या वर्णनात नोंदवला आणि या दगडाला शास्त्रीय नावही त्यानेच दिले. चिऱ्यात भोके व पोकळ्या असतात. त्यामुळे कोरडा चिरा काँक्रीटपेक्षा कमी उष्णता वाहतो. नेमके आकडे खाणीगणिक इतके बदलतात की एकच मूल्य देणे योग्य नाही. त्याच पोकळ्या पाणीही पितात. भारतीय मानकाने चिऱ्याच्या जलशोषणाची मर्यादा वजनाच्या १२ टक्के ठेवली आहे. पावसात भिजलेली उघडी चिरेबंदी भिंत आतून गार लागते, ओल धरते व तिचा निरोधक गुण उतरतो. भिंत जाड असणे पुरेसे नाही. ती कोरडी राहिली पाहिजे.

ते काम छपराचे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वासे बाहेर काढलेले असतात, जोते उंच असते आणि वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरते माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधतात. पडवी घराला वेढते. दुपारचे ऊन तिच्यावर थांबते व माजघराच्या भिंतीला सहसा सूर्य दिसत नाही. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते.

गवताचे छप्पर निरोधक म्हणून कौलाहून सरस. वीतभर जाड, घट्ट बांधलेल्या गवतात हवा भरपूर असते आणि पाणी वरच्या काही थरांवरूनच उताराने निघून जाते, आतले गवत कोरडे राहते. आग, वाळवी आणि दर एक-दोन वर्षांची नवी बांधणी यांमुळे ते मागे पडले. त्याची जागा आधी कुंभारी नळ्यांनी व पुढे मंगलोरी कौलांनी घेतली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तेथील व पुढे निघालेल्या इतर कारखान्यांची कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर गेली.

कौल स्वतः पातळ असते व त्याची निरोधक किंमत थोडी आहे. कौलारू छपराचा गारवा तीन गोष्टींतून येतो. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निसटते. सच्छिद्र माती पावसाळी ओल शोषते व ऊन पडताच ती सुकताना कौल निवते. आणि कौलांखाली माळा असतो. फळ्यांच्या माळ्यावर नारळ, सुकी लाकडे, वापरात नसलेली भांडी ठेवतात. वरची तापलेली हवा तेथेच राहते आणि तिचे प्रारण खालच्या माणसापर्यंत येत नाही. माळा काढून ‘उंच, मोकळे’ छत केलेल्या जुन्या घरात मे महिन्याच्या दुपारी हा फरक डोक्याला कळतो. चुलीचा धूर माळ्यातून कौलांच्या सांध्यांवाटे जाई. त्याने वासे सुकत व कीड दूर राहत असे. गॅस आल्यावर ही धुरी थांबली.

या व्यवस्थेचा जीव शाकारणीत आहे. वैशाखात माणूस आढ्यापासून खाली कौले उतरवत येतो, रिपा तपासतो, फुटकी कौले बदलतो, सांध्यांत अडकलेला पाचोळा व माती झाडून काढतो आणि खालून वर पुन्हा लावत जातो. एक कौल सरकले तरी वासा भिजतो. शाकारणी करणारे हात कमी झाले, वानरांच्या उड्यांनी कौले फुटू लागली आणि सिमेंटचे व लोखंडी पत्रे आले. पत्रा पाणी थोपवतो, पण ऊन जवळजवळ तसेच खाली सोडतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांत कौले आणि पत्रे दोन्ही उडाले. त्या अनुभवानंतर स्लॅबकडे ओढा वाढला तर त्याला दोष देता येणार नाही.

थिबा राजवाडा : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेली जांभ्या दगडाची, उतरत्या छपरांची इमारत.  सध्या तेथे संग्रहालय आहे.

बर्फ व मासळी : विजेच्या आधी अमेरिकेतील बॉस्टनचा बर्फ लाकडाच्या भुशात रचून जहाजाने हिंदुस्थानात येत असे, १८३३ मध्ये तो कलकत्त्याला व त्यानंतर मुंबईला पोहोचला. आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी बर्फासह थर्माकोलच्या पेट्यांत जाते व मोठ्या होड्यांचे बर्फाचे खण फोमने मढवलेले असतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. या फोमची छिद्रे बंद असल्याने पाणी आत शिरत नाही, म्हणूनच भुशाची जागा त्याने घेतली.

पोशाख : भातलावणीतील इरले व घोंगडी. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते.

सद्यःस्थिती : केंद्र शासनाच्या २०१८ च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या छपरातून होणाऱ्या उष्णतासंक्रमणाची कमाल मर्यादा १.२ वॉट प्रति चौरस मीटर केल्विन ठेवली आहे. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचे मूल्य तीन ते चारच्या दरम्यान येते, म्हणजे मर्यादेच्या अडीच-तीन पट. स्लॅबवर पांढरा लेप, फोडलेल्या चिनीमातीच्या फरशा किंवा फोमचा थर असे उपाय सांगितले जातात. पांढरा लेप रत्नागिरीच्या पावसात शेवाळाने काळा पडतो व वारंवार धुवावा लागतो. फोमचा थर जलरोधक आवरणाखाली नीट बसवला नाही तर ओल त्याखाली साठते. जिल्ह्यात सर्वाधिक दिसणारा उपाय संहितेतून आलेला नाही : गळती थांबावी म्हणून लोक स्लॅबवर चार-सहा फूट उंचीवर उताराची शेड घालतात. बाजू मोकळ्या ठेवल्या तर तिच्याखालून वारा वाहतो, स्लॅबवर ऊन व पाऊस दोन्ही पडत नाहीत, आणि माळ्याचेच काम पुन्हा होते. शेडच्या बाजू पत्र्याने बंद करून खोली केली की हा लाभ जातो. नवे घर बांधणाऱ्याने भिंतीच्या जाडीआधी छपरावर खर्च करावा, आणि छपराखाली वाऱ्याला वाट ठेवावी.