घराचा मोहरा

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवानें सांगितली आहे. परंतु बांधलेल्या व नांदत्या घराचा मोहरा बदलण्याच्या प्रसंगाविषयीं तींत कांहीं नाहीं. आमच्या मतें हा तिसरा प्रसंग पहिल्या दोहोंहून कमी कठीण नव्हे. नवें घर बांधतांना रिकाम्या जागेवर रेघा ओढावयाच्या असतात. जुन्या घराचें रूप पालटावयाचें तर आंत माणसें राहत असतात, भिंतींवर छपराचा भार असतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांना त्या घराची एक ओळख पटलेली असते. असा प्रसंग आज पुण्याच्या पश्चिमेकडील अनेक कुटुंबांवर येत आहे. म्हणून घराच्या दर्शनी भागाचा आपल्याकडील इतिहास थोडक्यांत पाहून, वास्तुविशारदापुढें बसतांना त्यांतून काय घेतां येईल, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

हिंजवडी हें मुळशी तालुक्यांतील गांव. येथील ग्रामदैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेस त्याचें बगाड निघतें व पंचक्रोशी लोटते. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें या परिसरांत राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान नगरी वसविली, आणि जेथें शेतें होतीं तेथें कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळें येथें घराच्या मोहऱ्याचे दोन नमुने समोरासमोर आले आहेत. एकीकडे दगडी जोतें, पुढें ओटा, वर उतरतें छप्पर, असें जुन्या गांवठाणाचें घर. दुसरीकडे ज्यांत आकाश व समोरचा रस्ता मात्र दिसतो, अशी चकचकीत भिंत. हातीं चार पैसे आले म्हणजे मधला गृहस्थ पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाऊं इच्छितो, आणि कोठें तरी पाहिलेलें एक चित्र घेऊन वास्तुविशारदाकडे जातो. ‘आमचें घर असें दिसलें पाहिजे’, हें त्याचें पहिलें वाक्य असतें. तेथेंच चूक होते, असें आम्हांस वाटतें. मात्र ती चूक कोणती, हें नीट पाहिलें पाहिजे. दुसऱ्याचें पाहून आपलें घर सजविणें हीच चूक म्हणावी, तर पुण्याचा सारा इतिहास त्या दोषास पात्र होईल.

शनिवारवाड्याचेंच उदाहरण घ्या. थोरल्या बाजीरावांनीं 1730 सालीं त्याचा पाया घातला व 1732 सालीं वास्तुशांति केली. त्या वेळीं खर्च 16,110 रुपये झाला. उत्तरेच्या दरवाजास त्यांनीं दिल्ली दरवाजा हें नांव दिलें. म्हणजे मराठी राज्याच्या या वास्तूनें आपलें तोंड कोठें वळविलें होतें, हें त्याच्या नांवावरूनच कळतें. पुढें 1828 सालीं आग लागून आंतील लांकडी महाल जळाले. तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. घर गेलें, मोहरा राहिला; आणि पुण्याच्या मनांत त्या वाड्याची जी मूर्ति आहे, ती या मोहऱ्याचीच आहे.

सामान्य गृहस्थाचा वाडा मात्र रस्त्याकडे पाठ करून बसलेला असे. खालीं काळ्या पाषाणाचें जोतें, वर भाजक्या विटांची भिंत, रस्त्याच्या बाजूस लहान खिडक्या, आणि मोठ्या दरवाजांतच एक छोटी दिंडी. दरवाजाच्या पट्टीवर गणपति, आंत देवडी, देवडीपुढें चौक. घराचें खरें तोंड त्या चौकाकडे असे. उजेड, वारा व गप्पा तेथेंच. रस्त्यावरील धूळ, दंगाधोपा व परक्याची नजर बाहेर ठेवणें हें भिंतीचें काम होतें आणि तें ती चोख बजावी. शोभा आली ती वरच्या मजल्याच्या सज्ज्यांत, खांबांच्या कोरीव कामांत आणि दरवाजाच्या चौकटींत. म्हणजे जेथें लांकूड लागणारच होतें, तेथेंच सुताराची पटाशी फिरली.

या कलेची परिसीमा पाहावयाची तर विश्रामबागवाड्यासमोर उभें राहावें. दुसऱ्या बाजीरावांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो बांधविला. त्याच्या सज्ज्याचे सुरूच्या आकाराचे खांब मूळचे मराठी नव्हत. तो घाट मोंगली इमारतींपासून उत्तर हिंदुस्थानांतून फिरत फिरत आमच्याकडे आला. परंतु पुण्याच्या सुतारानें तो सागवानांत कोरला, त्यावर पुढें आलेल्या छपराची सांवली धरली, आणि पावसाची झड लांकडास लागूं नये अशी तजवीज केली. उसना घाट अशा रीतीनें आपला झाला. पेशवाई गेल्यावर 1821 सालीं याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. नंतर 1879 सालीं वाड्यास आग लागली व हा दर्शनी भाग जळाला. तेव्हां नागरिकांनीं वर्गणी जमवून व नगरपालिकेनें भर घालून तो पुन्हा उभा केला. धनी नाहीं, राज्य नाहीं, आणि तरी लोकांनीं पदरचे पैसे घालून एका घराचा चेहरा परत आणला. यावरून घराचा मोहरा हा धन्याइतकाच रस्त्यानें जाणाऱ्याचाहि असतो, ही गोष्ट त्या काळच्या पुणेकरांस कोणी शिकवावी लागली नव्हती, हें उघड आहे.

या जुन्या कामांत वास्तुविशारद म्हणून वेगळा मनुष्य सामान्य गृहस्थाच्या घरीं येत नसे. पाथरवट, गवंडी व सुतार हे परंपरेनें काम जाणत. धनी रोज कामावर उभा राही. खिडकी कोठें घ्यावी याचा निकाल जागेवरच होई. इंग्रजी अमलांत हें पालटलें. सरकारी इमारती अभियंत्यांच्या नकाशांवरून होऊं लागल्या. डेक्कन कॉलेजची गॉथिक वळणाची इमारत 1864 नंतर कॅप्टन विल्किन्स यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली. मंगळूर येथें बासेल मिशनच्या लोकांनीं 1865 सालीं सुरू केलेल्या कारखान्याचीं कौलें पुढें सर्वत्र पसरलीं व छपराचें रूप बदललें. मग 1897 सालची प्लेगची सांथ आली. दाट वस्तीच्या पेठा सोडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले, आणि मोकळ्या हवेची किंमत मध्यमवर्गास प्राणावर बेतल्यावर समजली. नदीपलीकडे बंगल्यांची वस्ती वाढूं लागली. त्या बंगल्यांनीं प्रथमच रस्त्याकडे तोंड केलें. देवडीच्या जागीं व्हरांडा आला, चौकाच्या जागीं भोंवतालची बाग आली. मोहरा उघडा पडला, आणि तो कसा दिसावा हा प्रश्न गृहस्थापुढें नव्यानें उभा राहिला.

हा प्रश्न सोडविणारा धंदाहि त्याच सुमारास आकारास येत होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत 1913 सालीं वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. तेथील विद्यार्थ्यांच्या संघांतून वाढलेल्या संस्थेनें 1929 सालीं ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हें नांव धारण केलें. आणि 1937 सालीं या संस्थेनें मुंबईच्या टाउन हॉलांत आदर्श घरांचें प्रदर्शन भरविलें. मध्यमवर्गीयांनीं वास्तुविशारदाचा सल्ला घ्यावा, हा त्यामागील एक हेतु होता. पुण्यांतहि याच काळांत आर. एस. देशपांडे या अभियंत्यांनीं घरबांधणीवर पुस्तकांची मालिका लिहिली. ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’ (1935) व ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ (1939) हीं नांवेंच त्या पिढीची चिंता सांगतात: घर स्वस्त हवें, निरोगी हवें, आणि आधुनिकहि हवें.

आधुनिकतेचें साधन होतें सिमेंट-काँक्रीट. भिंतीबाहेर आधाराविना पुढें येणारा छज्जा त्यानें शक्य केला. मुंबईच्या मैदानाकांठीं व समुद्रकांठीं या छज्ज्यांचीच एक शैली बनली. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारख्या मराठी वास्तुविशारदांनीं ती घडविली. 1937 सालची त्यांची ‘सूना महल’ ही इमारत ज्या समूहांत मोडते, त्यास 2018 सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा मानलें. ही शैलीहि परदेशांतूनच आली होती. परंतु खिडकीवरची ती वळणदार भुंवई नुसती नटवी नव्हती. आषाढांत ती पाऊस अडवी व वैशाखांत ऊन. सुरूच्या खांबाचेंच हें दुसरें उदाहरण होय. उसनें घेण्यांत दोष नाहीं. घेतलेली वस्तु आपल्या उन्हापावसांत काय काम करील, हें न विचारतां घेण्यांत दोष आहे.

आतां हिंजवडीकडे परत येऊं. हें स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्याला व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथें बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजावर सुमारें 48 अंश राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीस दोन फुटांचा छज्जा पुष्कळ सांवली देतो. पश्चिमेची गोष्ट निराळी. दुपारनंतरचें ऊन तिरपें येतें. त्यास आडव्या छज्ज्यानें आवर बसत नाहीं, त्यासाठीं खोल पडवी, उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड लागतें. पावसाचा मुख्य माराहि त्याच अंगास. अशा पश्चिमेस सबंध कांच लावली म्हणजे घर उन्हाळ्यांत भट्टी होतें, आणि ती भट्टी थंड करण्याचें यंत्र लावून वर त्याचें बिल भरावें लागतें. कचेरीच्या इमारतीस हा खर्च परवडतो, कारण तो कंपनी भरते. संसारास तो दरमहा जाणवतो.

म्हणून वास्तुविशारदाकडे चित्र घेऊन जाण्यापूर्वीं घराची हकीकत घेऊन जावें. कोणत्या खोलींत दुपारीं बसवत नाहीं, कोणत्या भिंतीस दर श्रावणांत ओल येते, आजीबाई सकाळीं कोठें बसतात, कपडे कोठें वाळतात, पाहुणा कोणत्या दारानें येतो, हें सर्व त्यास सांगावें. 1972 च्या कायद्यानें ज्यास वास्तुविशारद म्हणवून घेण्याचा अधिकार आहे, त्याचें शिक्षण केवळ रूप रेखाटण्याचें नसतें. परंतु आपण त्यास रूपच मागितलें तर तो तरी दुसरें काय देणार? त्यानें प्रथम घराचीं मापें घ्यावीं; कोणती भिंत भार वाहते व कोणती नाहीं, हें संरचना जाणणाऱ्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावें; मगच खिडकी रुंदावण्याची भाषा बोलावी. नकाशांत आपल्या घराबरोबर दोन्ही बाजूंचीं घरेंहि काढावयास सांगावें, म्हणजे आपला मोहरा रस्त्यांत कसा बसेल तें कळेल. रंगाचा व दगडाचा नमुना कागदावर पसंत न करतां भिंतीवर हातभर लावून सकाळीं, दुपारीं व दिवेलागणीस पाहावा. आणि अंदाजपत्रकांत रूपाच्या खर्चाबरोबर दहा वर्षांच्या निगेचा खर्चहि विचारावा. इतकें विचारणारा धनी वास्तुविशारदास जड वाटत नाहीं. उलट असा धनी मिळाला तर त्याचें काम निम्मे झालें, असें समजावें.

येथें कोणी म्हणेल, ‘जुन्याचें हें कौतुक शहरांत बसून करणें सोपें आहे.’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. माजघरांतील अंधार, चुलीचा धूर व गळकें छप्पर ज्यांनीं भोगलें, त्यांनीं उजेडाची हौस कां धरूं नये? जुनें घर तसेंच ठेवा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. याच मुळशी तालुक्यांत धरणासाठीं गांवें पाण्याखालीं जाऊं लागलीं, तेव्हां 1921 सालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला व सेनापति बापट त्यांच्या पुढें उभे राहिले. तीं घरें दुसऱ्यांच्या निर्णयानें गेलीं. आज हिंजवडींत ज्याचें घर आहे त्याच्या घराचा निर्णय निदान या एका बाबतींत त्याच्या स्वतःच्या हातीं आहे. तो चित्रावर सोंपवून देऊं नये, एवढेंच आमचें मागणें.

आणि एका गोष्टीवर मात्र आम्ही हट्ट धरूं. मोहरा बदलतांना बहुधा पहिली कुऱ्हाड ओट्यावर पडते. तेथें मोटार उभी राहते, किंवा कुंपणाची भिंत उंच होते. ओटा हा घराचा असून घराबाहेरचा असतो. पोस्टमन तेथें टेकतो, शेजारीण तेथें निवडटिपण करीत बोलते, वाट चुकलेला तेथें पाणी मागतो. तो गेला म्हणजे घर कितीहि देखणें झालें तरी रस्त्याशीं त्याचें बोलणें बंद होतें. तेव्हां वास्तुविशारद विचारील, ‘आणखी कांहीं राहिलें का?’ तर त्यास सांगावें, दोन माणसांस बसतां येईल एवढा ओटा काढा, आणि त्याच्यावर थोडी सांवली धरा. बाकीचा मोहरा मग तुमच्या व त्याच्या आवडीप्रमाणें खुशाल होऊं द्या.