मीठ, मासळी आणि गळ्यातली ग्रंथी



आमच्या खारदांड्यात मासळी खारवणाऱ्या घरात दोन तऱ्हेचं मीठ असतं. एक गोणीतलं जाडं मीठ, मासळीसाठी. दुसरं पुडीतलं बारीक मीठ, कालवणासाठी. पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असं छापलेलं असतं. वाणसामान भरताना आपण सगळ्याच ती पुडी उचलतो, पण हा शब्द तिथे का आला, हे कुणी सांगत नाही. त्यामागे दोनशे वर्षांची गोष्ट आहे आणि ती आपल्या गळ्याशी येऊन पोचते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. ती जो रस तयार करते तो सरळ रक्तात मिसळतो आणि अंगभर फिरतो. अशा रसांना १९०५ साली स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हार्मोन हे नाव दिलं. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. थायरॉईडचं संप्रेरक शरीराची चूल किती पेटती ठेवायची ते ठरवतं. ते कमी पडलं की चूल मंदावते: थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते. जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती थायरॉईडवर मुकादमासारखी नजर ठेवते. काम कमी दिसलं की ती जास्त हुकूम सोडते. रक्ताच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं येतं, ते हेच हुकूम.

हे संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची, म्हणजे आयुष्यभराचं मिळून चमचाभर. पण तेवढंही मिळालं नाही तर ग्रंथी जास्त राबते आणि फुगते. त्यालाच गलगंड म्हणतात. आपल्याकडे हा आजार फार जुना. सुश्रुतसंहितेतही त्याचं वर्णन आहे. कारण मात्र कुणाला कळलं नव्हतं.

ते कळायला समुद्राची मदत झाली. १८११ साली फ्रान्समध्ये कूर्त्वा नावाच्या माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. ते आयोडीन होतं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडाच्या रोग्यांना देऊन पाहिलं. १८९५ मध्ये बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडलं, तेव्हा दुवा जुळला.

दरम्यान दुसरीकडे बायकांच्या दुखण्याची नोंद होत होती. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी मोठ्या वयाच्या काही बायकांबद्दल लिहिलं. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाल मंद. असल्या बाईला घरात काय म्हणत असतील, ते आपल्याला कुणी सांगायला नको. आळशी, सुस्त, मनावर घेत नाही. १८९१ मध्ये न्यूकॅसल गावच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती उठली, हिंडूफिरू लागली आणि पुढे २८ वर्षं जगली. दोष तिच्या स्वभावात नव्हता, ग्रंथीत होता. १९२७ साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार करता आलं. आज सकाळी उपाशीपोटी घ्यायची जी बारीक गोळी असते, ती त्याचीच.

आता आपल्या देशाकडे येऊ. हिमालयाच्या पायथ्याला पावसाने आणि पुराने मातीतलं आयोडीन धुऊन जातं. तिथे गावंच्या गावं गलगंडाची होती आणि काही मुलं जन्मतःच मतिमंद, मुकी-बहिरी होत. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड निम्म्याहून खाली आला, साध्या मिठाच्या भागात तसाच राहिला. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ मिळालं. १९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

त्याच १९५६ साली इकडे मुंबईत, ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली होती. तिचा आणि आपल्या गळ्याचा काय संबंध? थायरॉईड रक्तातलं आयोडीन स्वतःकडे ओढून घेते. म्हणून किरणोत्सारी आयोडीन अगदी थोडं दिलं तर ग्रंथी किती काम करते ते यंत्रावर दिसतं. जास्त दिलं तर बेफाम झालेल्या ग्रंथीला आणि थायरॉईडच्या कॅन्सरलाही आवर घालता येतो. असं आयोडीन अणुभट्टीत तयार करता येतं. १९६३ साली परळला, टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. तिथे आजही थायरॉईडवर उपचार होतात. खार स्टेशनहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर.

पुढच्या पाहण्यांत दिसलं, की आयोडीनची कमतरता हिमालयापुरती नाही. मैदानात आणि किनाऱ्यालगतही आहे. म्हणून १९९८ मध्ये आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. २००० साली ती उठली, कारण लोकांवर सक्ती कशाला, असा प्रश्न निघाला. छोट्या मिठागरवाल्यांचीही अडचण होतीच. डॉक्टर मंडळींनी विरोध केला आणि २००६ च्या मे महिन्यात बंदी पुन्हा लागू झाली. पुडीवरच्या त्या एका शब्दासाठी एवढं भांडण झालं आहे.

यातून आपण काय घ्यायचं? ‘आम्ही मासे खातो, आम्हाला आयोडीनचं मीठ कशाला,’ असं आमच्याकडे ऐकू येतं. मासळीत आयोडीन असतं हे खरं. पण मासळी महाग झाली की ती आधी बाईच्याच ताटातून जाते. खारवायचं जाडं मीठ मासळीलाच ठेवा, स्वयंपाकाला पुडीतलंच वापरा. मात्र मीठ जास्त खाऊ नका. प्रमाण तेच, फक्त मीठ आयोडीनचं. बरणी झाकून, कोरडी ठेवा, चुलीच्या धगीपासून दूर. ओल लागली की आयोडीन उडतं.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. थायरॉईडचं सगळंच दुखणं आयोडीनच्या कमतरतेने होत नाही. पुष्कळ बायकांत शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. तिथे मीठ बदलून भागत नाही; तपासणी आणि गोळी लागते आणि गोळी मनाने बंद करायची नसते. गरोदर बाईने तर हे टाळूच नये, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच संप्रेरकावर होते.

गटाच्या बैठकीत हप्ता भरायला आलेली एखादी बाई हल्ली सारखी दमलेली दिसते, गळ्याशी सूज आहे, आवाज जड झाला आहे, असं वाटलं तर तिला आळशी म्हणण्याआधी टीएसएच तपासलंस का, एवढं विचारा. आणि ती एकटी जाणार नाही असं दिसलं, तर दवाखान्यात सोबत जा.