लोणावळ्याचा मासा आणि कावेरीकाठची वही

आजचा भाग माशांचा आहे. वडशातून बोलतोय म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, वैनगंगेच्या मरळीबद्दल असणार. आपल्या पाण्यापर्यंत येतोच, पण आधी ट्राउट.

ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या फार वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. म्हणजे मे महिन्यातल्या वैनगंगेत विषयच संपला. भारतात तो मुळात नव्हता. साहेबाला इथेही घरचा खेळ हवा होता : पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची आणि वाहत्या पाण्यावर अलगद टाकायची. 1899 मध्ये काश्मीरसाठी निघालेली ट्राउटची अंडी वाटेतच मेली, 1900 मध्ये आलेली जगली. पुढे कुलू झालं, निलगिरी झाली. साहेबाला डोह दाखवायला सोबत गावचा माणूस असायचा. पुस्तकांत साहेबाचं नाव सापडतं, त्या माणसाचं क्वचितच.

जिथे ट्राउट जगत नाही तिथे या शौकिनांनी महसीर धरला. मोठ्या खवल्यांचा, जोरात ओढणारा. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत धरलेला महसीर 120 पौंडांचा होता, म्हणजे जवळपास 54 किलो! स्वातंत्र्यानंतर हा खेळ मागे पडला. 1977 मध्ये तीन इंग्रज तरुण महसीर शोधत आले, कावेरीत त्यांना प्रचंड मासे लागले, आणि मग तिथे गाईडसह मासेमारीचे कॅम्प सुरू झाले. नियम एकच, मासा धरा, वजन करा, वहीत लिहा, सोडून द्या. गाईड आसपासच्या गावांतले. त्यांतले काही आधी चोरून मासे मारणारेच होते. नदी त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार?

आता यात महाराष्ट्र कुठून आला? खुद्री नावाचा महसीर कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रात नोंदवला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ त्याची पैदास केली. धरणांनी नद्या अडल्या होत्या, सुरुंग लावून मासेमारी चालली होती, मासा वाचवायला हवा होता. हेतूत खोट नव्हती. 1970च्या दशकात तिथली बोटुकली कावेरीतही सोडली गेली.

पण कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड, पर केशरी. लोणावळ्याचा खुद्री निळसर परांचा.

गालिबोरे कॅम्पच्या 1998 ते 2012 च्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. मासे लागण्याचं प्रमाण वाढत होतं, सगळे खूश. जातीनुसार वेगळं केल्यावर चित्र उलटं. वाढत होते ते निळे. कुबडवाले घटत होते, आणि जे लागत ते सरासरीने अधिकाधिक मोठे. मोठा मासा लागला की फोटो निघतो, आनंद होतो. खरं तर त्याचा अर्थ असा की पिल्लं येणं थांबलंय, फक्त म्हातारे उरलेत. (आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. डॅशबोर्डवर एकूण आकडा हिरवा, आतला एक कॉलम मरत असतो.)

आणि गंमत नाही, दुःख बघा : जगभरचे लोक ज्या माशासाठी येत होते, त्याला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. 2007 मध्ये केरळातल्या पांबार नदीतून 'टॉर रेमादेवी' ही जात नोंदली गेली होती. कावेरीचा कुबडवाला तोच, हे 2018 मध्ये सिद्ध झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

हे इथे का सांगतोय? आपल्या झाडीपट्टीतल्या मालगुजारी तलावांत वर्षानुवर्षं रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडलं जातंय. उत्पादन किलोत मोजतात. दाडक, वाघूर, शिंगूर, काटवा या नावांचा कॉलम कुठल्या वहीत आहे? धिवर समाजातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. भंडारा-गोंदियाकडे काही तलावांत त्यांनीच पाणवनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणायचं काम केलंय, त्यावर एक वेगळा भाग करायचाय.

तोवर एक काम करा. तुमच्या गावच्या ढिवर काकांना विचारा, दाडक शेवटची कधी जाळ्यात आली? गाव, तलाव आणि अंदाजे साल सांगणारा व्हॉइस मेसेज पाठवा. वहीत लिहून ठेवतो.