सायकल-रिक्षा ते ई-रिक्षा : दिल्लीचा अनुभव

सायकलला मोटर बसवली की ती सायकलच राहते का? दिल्लीत हा प्रश्न रिक्षाचालकांच्या पोटापाण्याशी जोडला गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेली ‘सोलेक्शॉ’ चांदनी चौकात आली. तिला पेडल होते, शिवाय सौर ऊर्जेवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवरील मोटरही. पण पुढे रस्ते भरले ते सुटे भाग जोडून बनवलेल्या ई-रिक्षांनी. चालकाचे श्रम वाचले. मात्र नोंदणी, परवाना, विमा काहीच नव्हते. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. २०१५ च्या दुरुस्तीने ४००० वॉटपर्यंतच्या ई-रिक्षांना मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले. यंत्र आधी आले, कायदा मागून. मधल्या काळातील जोखीम चालक आणि प्रवाशांनी सोसली.