लघवी तर भरपूर होते, मग किडनी कशी बिघडली?

“डॉक्टर, लघवी अगदी भरपूर होते. मग किडनी कशी खराब असेल?” क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट हातात धरून गेल्या आठवड्यात एका काकांनी विचारले. चौदा वर्षांचा डायबेटिस. प्रश्न चुकीचा नव्हता. याच हिशोबात एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञ अडकले होते.

इटलीतील बोलोन्याचे मार्चेल्लो माल्पिगी यांनी 1666 मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. किडनीच्या धमनीत त्यांनी काळा रंग मिसळलेले मद्य सोडले, तेव्हा झाडाला लगडलेल्या सफरचंदांसारखे बारीक गोळे दिसले. हे गोळे म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे गुंते. पण त्यांचा लघवीच्या नळ्यांशी सांधा कुठे, हे काही त्यांना दाखवता आले नाही.

तो सांधा दिसायला पावणेदोनशे वर्षे लागली. 1842 मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी दाखवले की प्रत्येक गोळ्याभोवती पेल्यासारखे आवरण असते आणि तेच पुढे नळी होते. त्यांना वाटले, गोळ्यातून नुसते पाणी येते आणि युरियासारखी घाण नळीच्या पेशी त्यात टाकतात. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविग यांनी वेगळेच मांडले: रक्ताच्या दाबाने पेशी आणि प्रथिने सोडून बाकीचे गाळले जाते आणि नळीतून बरेचसे पाणी रक्तात परत जाते. दोघेही तेव्हा पंचविशीतले!

लुडविग यांच्यावर आक्षेप आला तो आकड्यांचा. रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी गणित मांडले की रोजचा युरिया असा गाळून काढायचा तर सुमारे 70 लिटर द्रव गाळावा लागेल. लघवी होते दीड लिटर. म्हणजे बाकीचे सगळे परत घ्यायचे? असा उधळा कारभार शरीर करेल, हे अनेकांना पटेना.

निकाल लावला बेडकाने. 1924 मध्ये फिलाडेल्फियात जोसेफ वेर्न आणि आल्फ्रेड रिचर्ड्स यांनी बेडकाच्या किडनीतील त्या पेल्यात अतिशय बारीक काचेची नळी टोचून थेंबभर द्रव काढला. त्यात प्रथिने नव्हती, पण साखर आणि क्लोराइड होते. मूत्राशयातल्या लघवीत मात्र हे दोन्ही नव्हते. म्हणजे आधी गाळले आणि मग परत घेतले. लुडविग यांना जाऊन तेव्हा 29 वर्षे झाली होती. (बोमनही अगदीच चुकले नव्हते. पेनिसिलिनसारखी काही औषधे नळीच्या पेशीच बाहेर टाकतात.)

आज आपल्याला माहीत आहे की माणसात रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. हायडेनहाइन यांना अशक्य वाटलेल्या आकड्याच्याही अडीचपट!

आता काकांचा प्रश्न. गाळणे 180 वरून 60 लिटरवर आले, तरी नळ्या पाणी कमी परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी होतच राहते. रात्री उलट जास्त वेळा उठावे लागते. रक्तात साठतात ते युरिया आणि क्रिएटिनिन, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

काकांच्या लघवीत अल्ब्युमिनही निघाले. बेडकाच्या त्या थेंबात नसलेले प्रथिन इथे गाळणीतून निसटत होते. डायबेटिस किंवा बीपी असेल तर ही तपासणी आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी करायला आम्ही सांगतो. काकांची चौदा वर्षांत एकदाही झाली नव्हती.