कुरुक्षेत्रापासून मानादोपर्यंत: जावी युद्धकाव्याची कुळकथा

जावा बेटावरील राजदरबार आणि त्यांचे संग्राम यांचे कथन करणाऱ्या प्रदीर्घ पद्यरचनांचे कूळ शोधू जाता आपण प्रथम कुरुक्षेत्रावर येऊन पोहोचतो. इ. स. ११५७ मध्ये केदिरीचा राजा जयभय याच्या आश्रयास असलेल्या म्पू सेडह या कवीने ‘भारतयुद्ध’ रचावयास घेतले आणि म्पू पनुलुह याने ते तडीस नेले. या ‘ककविन’ प्रकाराची भाषा प्राचीन जावी असली, तरी तिचा छंदोविधी लघुगुरूंच्या संस्कृत नियमांनी बांधलेला होता. आपल्या पंडितकवींमुळे आपणांस परिचित झालेले शार्दूलविक्रीडितही तेथे आढळते. मात्र उसन्या कथेतही कवीचे हृदय जावीच राहिले. सेनापतिपद स्वीकारलेला शल्य निद्रिस्त पत्नी सत्यवती हिला न जागवता पहाटे रणाकडे निघून जातो आणि सायंकाळी ती प्रेतांच्या राशींतून त्याचा देह शोधून काढून तेथेच प्राणत्याग करते, हा व्यासांच्या ग्रंथात नसलेला प्रसंग त्या काव्यातील सर्वांत करुण प्रसंग ठरला.

पुढे दोन शतकांनी मजपहितच्या साम्राज्यात कवीची दृष्टी पुराणांवरून आपल्याच राजधानीकडे वळली. १३६५ मध्ये प्रपंच या बौद्ध पंडिताने रचलेल्या ‘नागरकृतागम’ काव्याच्या ९८ सर्गांत हयम वुरुक राजाचा वंश, त्याचा प्रासाद, त्याचे मांडलिक मुलूख आणि १३५९ मधील त्याचा पूर्व जावातील दौरा यांचे वर्णन इतके तपशीलवार आहे की, एखाद्या दफ्तरदाराने लिहिलेला अहवाल आपण वाचत आहोत असे वाटावे. १८९४ मध्ये डच फौजेने लोंबोकच्या राजवाड्यावर हल्ला केला, तेव्हा या काव्याची ताडपत्रावरील पोथी ब्रांडेस या विद्वानाने वाचविली.

परंतु दरबारी कवी जे सांगतो त्याइतकेच, जे तो सांगत नाही तेही महत्त्वाचे असते. १३५७ साली बुबत येथे घडलेल्या हत्याकांडाविषयी प्रपंच मौन पाळतो. ते मौन ‘किडुंग सुंद’ या काव्याने मोडले. सुंद देशाचा राजा आपली कन्या हयम वुरुकला अर्पण करण्यासाठी सपरिवार आला असता महामंत्री गजमद याने ती वधू म्हणून न स्वीकारता खंडणी म्हणून मागितली. त्या अपमानापेक्षा मरण पत्करून सुंदचे वीर लढून पडले आणि राजकन्येने आत्मघात केला, अशी ही कथा. तीत हयम वुरुकही शोकाने झुरून मरतो. वस्तुतः त्याने १३८९ पर्यंत राज्य केले. परंतु जेत्याच्या अन्यायाची शिक्षा कवीने त्याला काव्यात दिली. ‘किडुंग’ या काव्यप्रकाराने संस्कृत वृत्ते सोडून देशी छंद स्वीकारले होते, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इस्लामी माताराम राज्याच्या अमदानीत या परंपरेतून ‘बबद’ म्हणजे पद्यबद्ध बखरी उदयास आल्या. ‘बबद ताना जावी’त राजवंशाची मुळे आदमपासून आणि हिंदू देवतांपासून, दोहोंकडून, जोडलेली आहेत; तर ‘बबद गियंती’त १७५५ च्या तहाने मातारामचे सुरकर्ता आणि योग्यकर्ता असे दोन तुकडे कसे पडले याचा वृत्तांत येतो. बबदांचे छंद ‘माचापात’ जातीचे. त्यांत चरणांची संख्या, प्रत्येक चरणाची अक्षरे आणि चरणान्तीचा स्वर ही तिन्ही ठरलेली असतात. क्रोध आणि युद्ध यांसाठी योजल्या जाणाऱ्या ‘दुर्म’ छंदाचे सात चरण अनुक्रमे १२, ७, ६, ७, ८, ५ आणि ७ अक्षरांचे असून त्यांच्या अखेरीस अ, इ, अ, अ, इ, अ, इ असे स्वर येतात; पाच अक्षरांच्या सहाव्या चरणावर गाणाऱ्याचा श्वास तुटतो आणि आघाताचा भास होतो. प्रेमप्रसंगास ‘अस्मरदन’ योजावा, हा संकेतही श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता, कारण ही काव्ये डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मेळाव्यात गाऊन ऐकविण्यासाठी होती.

या कुळाची परमावधी एका बंदिवानाने केली. डचांविरुद्ध १८२५ पासून पाच वर्षे झुंजलेला राजपुत्र दिपोनेगोरो वाटाघाटीसाठी मागेलांगला आला असता २८ मार्च १८३० रोजी पकडला गेला. मानादो येथील हद्दपारीत, १८३१-३२ मध्ये, त्याने मजपहितच्या पतनापासून स्वतःच्या पराभवापर्यंतचा इतिहास माचापातात सिद्ध केला. २०१३ मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत दाखल केला.

कथा परक्या रणांगणावरून स्वतःच्या घरी येत गेली, तसतसा छंदही परका न राहता स्वतःचा झाला, आणि शेवटी जो लढला त्यानेच ती गायिली, हा या पावणेसात शतकांचा इत्यर्थ आहे. म्हणून जावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने डचांच्या दफ्तरांइतक्याच आदराने या काव्यांचीही साक्ष घेतली पाहिजे. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास एकतर्फीच राहील.